श्राद्ध-पिंड सोडले, मग मुलगाच कशाला?

(विहारातील वर्षावास व्याख्यानमालेत झालेले भाषण. बोलताना वेळेअभावी जे राहिले, ते लिहून काढताना घातले आहे.)



कार्यकारिणीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा त्यांना वाटले, आम्ही नेहमीप्रमाणे गिरणी कामगारांच्या घरांवर बोलू. तो विषय कुठे पळून जात नाही. घरे मिळेपर्यंत तो आहेच, आणि ती कधी मिळतील हे तुम्हालाही ठाऊक आहे. आम्ही म्हणालो, यंदा पोटातल्या बाळाची तपासणी करून मुलगा की मुलगी बघतात, त्यावर बोलायचे आहे. तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, हे आपल्यात कुठं आहे? हे बड्या लोकांचं, शेठजी-पाटलांचं. आपल्यात मुलीला कोण नको म्हणतंय?"

त्यांचा राग नाही. आम्हीसुद्धा बरीच वर्षे हेच म्हणत होतो. म्हणून आधी त्यांना उत्तर देऊ, मग पुढे जाऊ.

जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची वेगळी मोजणी होते. हजार मुलग्यांमागे किती मुली, असा तो आकडा असतो. निसर्गाच्या हिशेबाने मुलगे थोडे जास्तच जन्मतात. हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली, असे ते प्रमाण आहे. महाराष्ट्रात हा आकडा 1991 मध्ये 946 होता. 2001 मध्ये 913 झाला. 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्यात तर 2011 ला 807. म्हणजे हजार मुलगे खेळतात तिथे जवळजवळ दीडशे मुली कमी. त्या कुठे गेल्या? कुठे गेल्या नाहीत, त्यांना येऊच दिले नाही.

आता आपला आकडा बघा. धर्मवार मोजणी पहिल्यांदा व्यवस्थित हाती आली ती 2001 ची. त्यात देशभरातल्या बौद्धांत हजार मुलग्यांमागे 942 मुली होत्या. 2011 मध्ये 933. इतर कित्येक समाजांपेक्षा आपला आकडा बरा आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण तो चढतो आहे का? उतरतो आहे. आणि देशातल्या बौद्धांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त आपण महाराष्ट्रातले आहोत. तेव्हा हा आकडा दुसऱ्या कुणाचा म्हणून सोडून देता येत नाही. तो आपल्याच चाळींतला, वसाहतींतला, गावकुसातला आहे.

ही परीक्षा आली कुठून ते तरुणांना माहीत नसेल. 1975 च्या आसपास आपल्या देशात गर्भजल परीक्षा सुरू झाली. आईच्या पोटातून सुई घालून बाळाभोवतीचे पाणी काढायचे आणि त्यातल्या पेशी वाढवून तपासायच्या. हेतू चांगला होता. बाळाला जन्मजात काही दोष आहे का, ते बघायचे. पण त्याच पेशीत मुलगा की मुलगी तेही दिसते. मग मूळ हेतू बाजूला राहिला आणि धंदा सुरू झाला. सरकारी रुग्णालयांत सरकारने मनाई केली, तर खाजगी दवाखाने उघडे. आज पाचशे खर्च करा आणि उद्याचे हुंड्याचे हजारो वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागायच्या. 1986 च्या सुमारास डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या 50 स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, त्यात 42 जण मुलगा-मुलगी बघण्यासाठी ही परीक्षा करत होते. शिकलेली माणसे बरं का ही! अंगठेबहाद्दर नव्हेत.

त्याच वेळी मुंबईत स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतली मंडळी एकत्र येऊन याविरुद्ध उभी राहिली. मृणाल गोरे यांनी विधानसभेत प्रश्न लावून धरला. 1988 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. अशा तऱ्हेचा देशातला तो पहिला कायदा. मग 1994 मध्ये संसदेने केला, तो 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला. तोवर सुईची गरजच उरली नव्हती, सोनोग्राफी आली होती. पोटावर यंत्र फिरवले की पडद्यावर चित्र. कायदा कागदावर आणि यंत्र गल्लीबोळांत, असे चालले. सेहत आणि मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, न्यायालयाने सरकारांना फटकारले, आणि 2003 मध्ये कायदा आणखी कडक झाला. तरीही 2012 मध्ये बीड जिल्ह्यात परळीला गर्भपात करताना एक बाई दगावली. मार्च 2017 मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले 19 गर्भ सापडले. तिथेही आधी एका बाईचा जीव गेला, तेव्हा कुठे पोलीस पोहोचले. मुली तर जातातच, त्यांच्या आयाही जातात.

आता आपल्याकडे या.

आमच्या आत्याचे नाव नकुशी. सख्खी आत्या. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले. आजोबांना पाठोपाठ मुली झाल्या, म्हणून चौथीचे नाव ठेवले नकुशी, म्हणजे नको असलेली. त्याने पुढे मुलगा होतो अशी समजूत. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात दोनशेहून जास्त नकुशींची नावे समारंभ करून बदलली. छान झाले. पण आमच्या आत्याने त्याच नावाने दीक्षा घेतली, त्याच नावाने रेशन कार्ड काढले आणि त्याच नावाने गेली. पण एक आहे. तिला नकुशी म्हणाले, तरी ती जन्मली, वाढली, शेणगोठा केला, आमच्या वडिलांना मुंबईत पाठवायला स्वतःच्या पाटल्या मोडून दिल्या. आता नाव ठेवायचीसुद्धा वेळ येऊ देत नाहीत. नावे मात्र चांगली ठेवतात, सुजाता, यशोधरा. ज्या जन्मल्या त्यांची.

पूर्वी आठ-आठ लेकरे व्हायची, त्यात मुलगे-मुली दोन्ही यायच्या. आता दोनच. ही चांगली गोष्ट आहे. बाबासाहेबांनी तर 1938 मध्येच मुंबईच्या विधिमंडळात आपल्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मांडायला लावला होता. पण दोनच हवीत आणि त्यात एक मुलगा हवाच, असे म्हटले की गणित बिघडते. पहिली मुलगी झाली की दुसऱ्या वेळी घरात कुजबुज सुरू होते. आणि जरा पैसा आला की कुजबुजीला पाय फुटतात. नोकरी लागली, फ्लॅट झाला, लग्नात हॉल आणि डीजे आला, त्याच्या मागून मोटरसायकल आणि सोने मागायची रीतही आपल्यात शिरली. हुंडा म्हणत नाहीत, 'हौस' म्हणतात. ज्याला परवडत नव्हते तो या पापापासून दूर होता. ज्याला परवडू लागले तो दवाखान्याची पायरी चढला. प्रगतीबरोबर हेही घरात आले, हे आपण कबूल केले पाहिजे.

आम्हाला एक साधा प्रश्न पडतो. मुलगा कशासाठी हवा असे पूर्वीचे लोक सांगायचे? पिंड द्यायला. मुलाने पिंड दिल्याशिवाय बापाला गती नाही, अशी ती समजूत. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही एक प्रतिज्ञा आहे. आपण सगळे दर वर्षी ती म्हणतो, लहान पोरांना पाठ आहे. पिंड सोडला, गती-मुक्तीचा तो सगळा व्यवहार सोडला, तर मुलगाच हवा याला उरले काय? बाकीच्यांना निदान सांगायला कारण तरी आहे. आपल्याला तेही नाही. आपल्याला उरते ते फक्त आडनाव, म्हातारपणची काठी आणि शेजारचे काय म्हणतील.

कोसल देशाचा राजा प्रसेनजित याची गोष्ट भन्तेजींनी याच विहारात सांगितली आहे. राजा श्रावस्तीच्या जेतवनात भगवंतांजवळ बसला असताना एक माणूस येऊन कानात सांगतो, राणी मल्लिकेला मुलगी झाली. राजाचा चेहरा पडतो. भगवंत त्याला समजावतात की राजा, मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते, शहाणी आणि शीलवान होऊ शकते. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. राजाचा चेहरा पडला होता, पण मुलगी जन्मल्यावर. आपण आता चेहरा पडू नये म्हणून आधीच बंदोबस्त करतो.

आणखी एक गोष्ट, ही खास सासवांसाठी आणि आमच्यासारख्या बापांसाठी. मुलगी झाली की बोल आईला लागतो. आम्ही साचेखात्यात काम केलेली माणसे, आमच्या भाषेत सांगतो. कापडात ताणा असतो आणि बाणा असतो. आईच्या बीजात एकाच जातीचे सूत असते, त्याला एक्स म्हणतात. तो ताणा समजा, तो बदलत नाही. बापाकडे मात्र दोन जातींच्या कांड्या असतात, एक्स आणि वाय. धोट्यात एक्सची कांडी आली तर मुलगी, वायची आली तर मुलगा. धोट्यात कोणती कांडी यावी हे बापाच्याही हातात नसते, पण आली ती त्याच्याकडून, एवढे नक्की. मग दोष असलाच तर कुणाचा? आणि शिव्या कोण खाते? ज्यांच्या घरात मुली झाल्या म्हणून सुनेला बोलतात, त्यांनी आपल्या मुलाकडे बघून बोलावे.

इतके सगळे आम्हाला माहीत होते. 1986-87 ला आम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे. तेव्हा विभागातल्या तरुण मंडळाबरोबर गर्भजल परीक्षेविरुद्धच्या धरण्याला गेलो होतो, घोषणा दिल्या होत्या. घसा बसेपर्यंत दिल्या. पुढे बदली म्हणून गिरणीत लागलो, लग्न झाले, 1991 ला मोठी मुलगी, 1994 ला दुसरी. 1997 ला पुन्हा दिवस राहिले. आणि आमच्या आईने विषय काढला.

सगळा दोष आईवर ढकलला तर सोपे होईल. आई अडाणी होती, तिने नकुशी नावाच्या नणंदेबरोबर दिवस काढले होते. पण आम्ही अडाणी नव्हतो. आम्ही दहावी नापास असलो तरी तिसऱ्या पाळीनंतर याच विहाराच्या वाचनालयात बसून वाचायचो, लोकांना कायदे समजावून सांगायचो. आणि आई बोलली तेव्हा आम्ही 'नाही' म्हणालो नाही. गप्प बसलो. घरात पुरुष गप्प बसला की त्याचा अर्थ 'हो' होतो, हे घरातल्या बायकांना बरोबर कळते. मुलींच्या आईला तर कुणी विचारलेच नाही.

एका उपनगरातल्या दवाखान्यात गेलो. भिंतीवर पाटी होती, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. पाटीच्या खालीच बाकडे होते, त्यावर आम्ही बसलो. तपासणी झाली. डॉक्टर तोंडाने काही बोलले नाहीत, कायदा माहीत होता ना त्यांना! बाहेर येऊन आमच्या आईला म्हणाले, "आजी, बर्फी आहे." पेढे मुलाचे, बर्फी मुलीची. एवढेच. पुढे खर्चाचा आकडा मात्र स्पष्ट सांगितला, साडेतीन हजार, आणि पंधरा दिवसांच्या आत या म्हणाले.

गिरणीत तेव्हा पगार महिना-महिना थकायचे. आम्ही कामगारांच्या पतपेढीत कर्जाचा अर्ज टाकला. आधीचे कर्ज फिटले नव्हते. जे जामीन राहणार होते ते स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी गेले. दुसरा जामीन शोधण्यात तीन आठवडे गेले आणि शेवटी अर्ज नामंजूर झाला. पैसे उसने मिळतात का बघेपर्यंत डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला, आता आम्ही हात लावणार नाही. पुढे मुलगी झाली. आमची धाकटी.

बंधू-भगिनींनो, लोक आम्हाला भाषणात म्हणतात, तीन मुलींचा बाप, खरा आंबेडकरवादी. पंचवीस वर्षे आम्ही ते ऐकून घेतले. एका वर्षी 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीत आमचा शाल देऊन सत्कार झाला, तीन मुली शिकवल्या म्हणून. आम्ही शाल घेतली. ती मुलगी आमच्या तत्त्वाने वाचली नाही. जामीन मिळाला नाही म्हणून वाचली. त्या तीन आठवड्यांत मुलींची आई आमच्याशी एक शब्द बोलली नव्हती आणि आम्ही समजत होतो, तिची तब्येत बरी नाही.

हे आज का सांगतो? गेल्या वर्षी आमच्या नात्यातला एक तरुण आमच्याकडे आला. चांगला शिकलेला, निळ्या झेंड्याखाली सगळ्यात पुढे असणारा. पहिली मुलगी आहे. हळूच विचारू लागला, "काका, तुमच्या ओळखीचं कुणी आहे का? फक्त बघायचंय, बाकी काही नाही." फक्त बघायचेय! आम्हीही 1997 ला स्वतःला हेच सांगितले होते. ज्याला काही करायचेच नाही त्याला बघायचे कशाला? दुसऱ्याच कुणी सांगितले असते तर आम्ही भाषण दिले असते. त्याला आम्ही वर लिहिले ते सगळे सांगितले. तो उठून गेला. पुढे काय झाले ते आम्ही विचारले नाही, आणि हेही आमचे चुकलेच.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. परीक्षा करणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत. करायला लावणाऱ्या नवऱ्याला आणि सासरच्यांनाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. बाईवर जबरदस्ती झाली असेच कायदा धरून चालतो, उलटे सिद्ध होईपर्यंत. म्हणून बाईने तक्रारीला घाबरू नये. शहरात महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे आणि जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करता येते. आता तर आईच्या रक्ताच्या तपासणीतूनही दहाव्या आठवड्यानंतर कळू शकते; तेही त्याच कायद्यात बसते, मुलगा-मुलगी सांगणे तिथेही गुन्हाच.

एक घोटाळा मात्र करू नका. सोनोग्राफी वाईट नाही, बाळाची वाढ बघायला ती करावीच लागते. आणि गर्भपात सगळाच बेकायदा आहे असे सांगून बायांना घाबरवू नका. 1971 च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी आणि ठरावीक मुदतीत तो करता येतो, 2021 मध्ये काही बाबतींत मुदत 24 आठवड्यांपर्यंत वाढवली आहे. एखाद्या अडलेल्या बाईला आपल्या भीतीमुळे भोंदूकडे जावे लागले तर तेही पाप आपल्याच माथी. गुन्हा आहे तो मुलगी म्हणून निवडून काढण्यात.

विहारासाठी आमची एकच सूचना आहे. आपल्याकडे नामकरण संस्काराची वही आहे. ज्याला आमचे म्हणणे पटत नसेल त्याने ती चाळावी, मुलांची नावे किती आणि मुलींची किती ते बोट ठेवून मोजावे. काही मुलींचे नामकरण घरच्या घरी उरकतात आणि मुलाचे मात्र विहारात जेवणावळीसह होते, हेही त्यात दिसेल. दोघांची वर्गणी आणि दोघांचे जेवण सारखे ठेवा.

हे भाषण करण्याआधी आम्ही धाकटीला सगळे सांगितले. तिच्या आईने आधी नको म्हटले, मग म्हणाली, सांगा, पण मी समोर बसणार. धाकटी आता बँकेत कर्ज विभागातच आहे. तिने सगळे शांतपणे ऐकले. रडली नाही, रागावली नाही. मग तिने विचारले, "अर्जात कर्जाचं कारण काय लिहिलं होतंत?"

आम्ही 'घरदुरुस्ती' लिहिले होते.

ते सांगितल्यावर ती उठून पाणी भरायला गेली, नळाची वेळ झाली होती. दोन दिवसांनी म्हणाली, भाषण करा, छापायचे असेल तर छापा, माझे नाव तेवढे घालू नका. म्हणून नाव घातलेले नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!